हिबा तोंडी, सातबारा लेखी

दानाच्या कायद्यात मुसलमानांना वेगळी सवलत आहे, ही गोष्ट दर काही वर्षांनी कोणीतरी नव्याने शोधून काढतो आणि समान नागरी कायद्याच्या वादात दारूगोळा म्हणून वापरतो. सवलत आहे हे खरे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १२३ व्या कलमाप्रमाणे स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्ताने, दात्याच्या सहीने आणि किमान दोन साक्षीदारांच्या साक्षीने करावे लागते. त्याच अधिनियमाचे १२९ वे कलम मुस्लिम कायद्याच्या नियमांना या बंधनातून मोकळे ठेवते. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील जमिनीचा व्यवहार पाहिला, म्हणजे या सवलतीने कोणाचे भले होते आणि कोणाचे नुकसान, याचे उत्तर दोन्ही बाजूंच्या वादपटूंना सोयीचे राहत नाही.

हिब्याची तीन अंगे आहेत. दात्याने दिल्याचे स्पष्ट शब्दांत जाहीर करणे, घेणाऱ्याने ते स्वीकारणे आणि वस्तूचा कब्जा प्रत्यक्ष सोपविणे. यांतले तिसरे अंग निर्णायक. कागद कितीही सुबक लिहिलेला असला तरी कब्जा दिला नसेल तर दान झालेच नाही, आणि कब्जा दिला असेल तर कागदावाचून अडत नाही. पती-पत्नी एकाच घरात राहत असतील तर घर सोडून जाण्याची अट नाही. पिता अज्ञान मुलाला देत असेल तर कब्जाबदलाची गरज नाही. मरणकालीन आजारात, म्हणजे मर्ज-उल-मौतमध्ये केलेले दान इस्टेटीच्या एक-तृतीयांशापुरतेच चालते, आणि वारसाला दिलेले असेल तर इतर वारसांची संमती लागते. आजारी बापाच्या उशाशी बसून अंगठा उठवून घेणाऱ्या मुलाला अडविणारी ही तरतूद आहे, आणि ती शतकांपूर्वीच्या शास्त्रकारांनी केलेली आहे, हे पुरोगामी म्हणविणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

मेहेरच्या बदल्यात पतीने पत्नीला घर लिहून देणे ही गोष्ट मात्र वेगळी. त्यात मोबदला असल्यामुळे आपल्याकडील न्यायालये त्या व्यवहाराला विक्री मानतात, आणि तेथे नोंदणीवाचून गत्यंतर नसते. साध्या कागदावर ‘मेहेरबद्दल घर दिले’ असे लिहून घेऊन निर्धास्त राहिलेल्या स्त्रीला हा फरक कोणी समजावून सांगत नाही.

समतेच्या दृष्टीने हिब्याचे महत्त्व वारसाहक्काशेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळते. वारसाहक्कात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. मृत्युपत्राने एक-तृतीयांशापलीकडे देता येत नाही. हिब्यावर मात्र अशी मर्यादा नाही; धडधाकट असताना पिता लेकीला लेकाइतके देऊ शकतो, आणि त्यासाठी शरियतच्या एका अक्षरालाही हात लावावा लागत नाही. हमीद दलवाई आणि १९७० साली पुण्यात स्थापन झालेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांनी मागितलेला बदल कायद्यातला होता आणि ती मागणी आजही योग्यच आहे. पण कायदा बदलेपर्यंत हा दरवाजा उघडा आहे. अर्थात दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडतो. हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी न केलेला हिबा ग्राह्य धरला, तेव्हा तो पित्याने एकाच मुलाला दिलेला होता आणि वाटणीचा दावा करणारे इतर वारस रिकाम्या हाताने परतले.

या दोन जिल्ह्यांत मुस्लिम कायदा शेतजमिनीपर्यंत कसा पोहोचला याचीही एक कथा आहे. १९३७ च्या शरियत अधिनियमाने शेतजमिनीचे प्रश्न स्पष्टपणे वगळले. जुना चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता, आणि तेथे १८७५ च्या कायद्याने दानाच्या बाबतीत मुसलमानांना मुस्लिम कायदा आधीच लागू झालेला होता. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, म्हणून त्याची वाट आणखी निराळी. वकिलांना हा इतिहास उपयोगी पडतो. लेकीला मात्र पटवाऱ्याच्या दारातच थांबावे लागते.

कारण हिबा तोंडी असतो आणि सातबारा लेखी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४९ व्या कलमानुसार दानाने हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. ती तोंडीही देता येते, आणि तलाठ्याने तिची पोच लेखी द्यायची असते. प्रत्यक्षात नोंदणीकृत दस्त दाखवल्याखेरीज फेरफार घेण्यास टाळाटाळ होते. भावाने हरकत घेतली की प्रकरण वादाच्या नोंदवहीत जाते. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, असे १५७ वे कलम सांगते. म्हणजे कायद्याने जमीन बहिणीची, आणि दफ्तरात भावाची.

ही केवळ दफ्तरातली अडचण नाही. राजुरा, बल्लारपूर, भद्रावती या तालुक्यांत वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. गडचिरोलीत एटापल्लीच्या सूरजागडला लोहखनिजाची खाण आहे आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा कारखाना. जमीन संपादित होते तेव्हा नोटीस, मोबदला आणि नोकरीवरचा दावा यांचा पहिला हिशेब अधिकार अभिलेखावरून होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुलबर्गा भागातील शेतजमिनीच्या दाव्यात, आईने १९८८ साली तोंडी हिबा केल्याचे सांगणाऱ्या स्त्रीचा दावा नाकारला. त्या खटल्यात इतरही मुद्दे होते, परंतु कब्जा सिद्ध झाला नाही आणि इतक्या वर्षांत नावाची नोंदही झाली नाही, ही गोष्ट न्यायालयाने तिच्याविरुद्ध धरली.

‘मुसलमानांना दानाची मोकळीक’ असे जे म्हटले जाते, ते या वनजिल्ह्यांत आणखी एका ठिकाणी खोटे ठरते. जमीन आदिवासीची असेल तर महसूल संहितेचे कलम ३६ अ लागते: विक्री, दान, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने ती पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि दानाला जिल्हाधिकाऱ्याबरोबर राज्य शासनाचीही मान्यता लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरित जमिनी परत देण्याच्या कायद्यानेही विक्रीबरोबर दानाचा उल्लेख केला. तो उगाच केलेला नव्हता. प्रेमापोटी सावकाराला जमीन ‘देऊन टाकणारे’ आदिवासी कागदोपत्री फार निघू शकतात. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. २००६ च्या वनहक्क अधिनियमाखाली मिळालेला पट्टा तर वारसाने जातो, पण विकता किंवा दान देता येत नाही. घेणारा हिंदू व्यापारी असो की मुसलमान, कायदा त्याचा धर्म विचारीत नाही. जमीन अखेर कोणाच्या हाती जाते, एवढेच विचारतो. दानाच्या कायद्याची परीक्षा अशीच व्हायला हवी.

या कसोटीला १२९ वे कलम उतरत नाही, आणि पुढील दाने नोंदणीनेच व्हावीत ही मागणी रास्त आहे. पण घाईने मागील तारखेपासून बदल केला, तर तोंडी दानाच्या आधारावर वर्षानुवर्षे घर धरून राहिलेल्या विधवाच आधी उघड्यावर पडतील. विधिमंडळाची वाट न पाहता करण्याजोगे काम मात्र बरेच आहे. हिब्याची नोंदणी सक्तीची नाही, निषिद्धही नाही. नोंदणीकृत दस्त असला म्हणजे तलाठ्याला वेगळी खबर देण्याची जबाबदारीही राहत नाही. राहते घर किंवा शेती पत्नीला, मुलीला, नातीला दान दिल्यास महाराष्ट्रात २०१५ पासून मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. काही ठिकाणी वर अधिभार लागतो. पिता हयात आणि शुद्धीवर असताना दस्त करावा, कब्जा दिल्याचे त्यात लिहावे आणि खरोखर द्यावा, पेरणी व सारा लेकीच्या नावाने व्हावा, शहरात आखीव पत्रिकेवर नाव चढवावे. जुना तोंडी हिबा असेल तर साक्षीदार जिवंत आहेत तोवर फेरफाराचा अर्ज देऊन पोच घ्यावी. संपादनाची अधिसूचना निघाल्यावर दिलेल्या अर्जाकडे अधिकारी संशयाने पाहतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असेही म्हणता येत नाही.