शिट्टी पंचांचीच!

बारामती-इंदापूर भागात कबड्डीचे सामने रंगू लागले की रेषेबाहेरचा प्रत्येक जण स्वतःस मार्गदर्शक समजू लागतो, हे आम्हांस इष्ट वाटत नाही. चढाई करणाऱ्यास त्याच्याच संघातील कोणी सूचना दिल्यास प्रतिपक्षास एक गुण द्यावा, असा नियम आहे. चढाईत खेळाडूने स्वतःच्याच बुद्धीने वागावे, हा त्यामागील हेतू. प्रेक्षकांच्या आरोळ्या तो हेतू तर हाणून पाडतातच. शिवाय पंचांचा अवमान करण्याचे शिक्षणही मुलांना देतात. हा अवमान कोणत्या थरास जातो, ते कुस्तीत २०२५ च्या फेब्रुवारीत दिसले. अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत एका मल्लाने पंचांस लाथ मारली! गलबला शमेपर्यंत आयोजकांनी सामना थांबवावा. प्रेक्षकांनी टाळ्या मनसोक्त वाजवाव्यात. शिट्टी मात्र पंचांचीच राहू द्यावी.