नाताळचा गायकवृंद आणि पावसाळ्यातील मिस्सा

आमच्या धर्मग्रामांतील गायकवृंदांविषयी नियतकालिकांतून जे छापून येते, त्यात कौतुक फार व विचार थोडा असतो. नाताळच्या मध्यरात्री कोणी किती गीते गायिली, नवा कीबोर्ड कोणी भेट दिला, गणवेश कोणत्या रंगाचा होता, याची सविस्तर वार्ता येते. मुलामुलींनी महिना-दीड महिना खपून बसविलेल्या गीतांचे कौतुक कोणी करू नये असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्या रात्री मंदिरातील उरलेल्या भाविकांनी किती गायिले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आम्ही तो आज विचारतो. कारण गायकवृंद वाढतो आहे आणि मंडळी मुकी होत चालली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावाचे उदाहरण घ्यावे. शेजारी कुंडलिका नदी, पलीकडे धाटावची औद्योगिक वसाहत. येथील कॅथॉलिक कुटुंबे थोडी. कोणी वसईकडचे, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, कोणी केरळचे. घरातला कर्ता पुरुष एका आठवड्यात पहिल्या पाळीला, तर दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला. अशा ठिकाणी मुंबईच्या मोठ्या मंदिरातील चार आवाजांच्या गायकवृंदाची नक्कल करू पाहणे म्हणजे उसन्या अंगरख्यात वावरणे होय. आणि तरीही आमच्यासारख्या लहान धर्मग्रामांना भुरळ पडते ती त्या नक्कलेचीच.

मग गायकवृंदाचे वर्ष कसे जाते? नोव्हेंबरात जाग येते, डिसेंबरभर सराव चालतो, नाताळात गगनभेदी स्वर लागतो आणि जानेवारीत पेटीवर धूळ बसते. पवित्र सप्ताहापुरती पुन्हा जमवाजमव होते. पुनरुत्थानाचा आठवडा सरला की परीक्षा, सुट्टी, लग्नसराई; आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर गायकवृंद जो अदृश्य होतो, तो थेट आगमनकाळाच्या तोंडाशी प्रकटतो. ख्रिस्तसभेची दिनदर्शिका मात्र याच्या अगदी उलट सांगते. तीत सामान्य काळाचे ३३ किंवा ३४ आठवडे आहेत आणि त्यांतील बहुतेक आमच्याकडे पावसाळ्यात व भातकापणीच्या दिवसांत येतात. म्हणजे भाविकांचे जे बहुतांश उपासनावर्ष, तेच आमच्या गायकवृंदाला ठाऊक नाही.

जे काळ त्याला ठाऊक आहेत, त्यांचाही स्वभाव तो जाणत नाही. आगमनकाळात व उपवासकाळात रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया म्हणत नाहीत. उपवासकाळात आलेलुया थांबतो. वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजावीत, असे रोमन मिस्साग्रंथाची नियमावली सांगते. त्याला अपवाद आहेत, पण ते मोजके. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर वाद्ये जवळजवळ गप्प होतात, ती पुनरुत्थानाच्या जागरातील ग्लोरियाला पुन्हा जागी होतात. मौन पाळल्यावाचून त्या रात्रीच्या घंटानादाला अर्थ येत नाही. उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी ड्रमचा ठेका ऐकलेल्या मंडळीला पुनरुत्थानाच्या रात्री नवे असे काय ऐकू येणार?

या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. गायकवृंदांना कसोशीने उत्तेजन द्या, असे तो सांगतो. आणि त्याच कलमात बजावतो की गायनयुक्त विधीत सर्व भाविकांना आपला वाटा उचलता येईल हे धर्मगुरूंनी पाहावे. ५ मार्च १९६७ च्या ‘मुझिकाम साक्राम’ या सूचनापत्राने तर मंडळीला पूर्णपणे वगळून सारे गायन गायकवृंदावर सोपविण्याची प्रथा नापसंत केली आहे. जेथे छोटासा गायकवृंदही शक्य नाही, तेथे निदान एक-दोन गायक तरी नीट तयार करावेत, असेही तेच पत्र सांगते. वरशासारख्या गावांसाठीच जणू ते वाक्य लिहिले गेले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. देवाला उत्तमच अर्पावे; बेसूर मंडळीपेक्षा तयारीचे दहा कंठ बरे, असे आमचे काही सुशिक्षित बंधू म्हणतात. उत्तम अर्पावे हे आम्हांस मान्यच आहे. पण अर्पण करावयाचे ते कोणी? मिस्सा ही संपूर्ण मंडळीची कृती आहे; दहाजणांनी अर्पावे व शंभरांनी पाहावे असा तो सोहळा नव्हे. संत आगुस्तीन यांनी ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात लिहिले आहे की, जे गायिले जाते त्याहून गायनच आपल्याला अधिक हलवते तेव्हा तो आपल्याला दोष वाटतो. एवढ्या थोर संताला जे भय वाटले, ते आम्हांला वाटू नये काय? त्याच संताने नवव्या भागात मिलानच्या मंदिराची हकीगत दिली आहे. ३८६ साली राजमाता जस्टिनाच्या छळाला तोंड देत लोक मंदिरात रात्री जागवीत होते. ते दुःखाने खचू नयेत म्हणून तेथे स्तोत्रे व गीते गाण्याचा प्रघात सुरू झाला. गायिले ते सर्व लोकांनी, आणि त्या गायनानेच त्यांना धीर दिला.

दूर मिलानला तरी कशाला जावे? रायगड जिल्ह्यातील कोणत्याही गावी हरिनाम सप्ताहाच्या वेळी कान द्यावा. बुवा चरण म्हणतो, बाकीचे ते उचलून धरतात. ओट्यावर बसलेला म्हातारा आणि दाराशी उभे असलेले पोरही त्यात सामील होते. तेथे श्रोता असा कोणी उरत नाही. आमच्या मिस्सेतील प्रतिसाद-स्तोत्राची घडण याहून वेगळी आहे काय? एकाने चरण म्हणावे, सर्वांनी ध्रुपद म्हणावे! आमच्या शेजाऱ्यांना जे सहज साधते ते आम्हांला अवघड वाटावे, ही खेदाची गोष्ट आहे. हा मार्ग आम्हांला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत, लोकांच्या ओठी बसेल अशा छंदात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी प्रॉटेस्टंट मंडळीला मराठी भजने व कीर्तने दिली. ती मंडळी ती आजही गाते. परिषदेच्या दस्तऐवजानेही लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान देण्यास सांगितले आहे. ओवी व अभंग आमचेच आहेत. आमच्या गायकवृंदाने ते कधी हाती घेतले?

अलीकडे तर आणखी एक सोय निघाली आहे. मोबाईलवर तयार वाद्यमेळ लावावयाचा आणि त्यावर गायचे. यंत्र थांबत नाही. वृद्धांचा श्वास पुरतो की नाही हे ते पाहत नाही. वेदीवरील विधी लांबला तर वाट पाहत नाही. मंडळी यंत्रामागे धावते आणि दमली की गप्प बसते. अशा सोयीपेक्षा एक साधी पेटी आणि टाळांची जोडी शतपटीने बरी.

गायकवृंदाची परीक्षा नाताळच्या मध्यरात्री होत नाही, हे आमचे अंतिम म्हणणे आहे. ती होते जुलैतील एखाद्या दिवशी, भर पावसात, एखाद्या गरीब विधवेच्या अंत्यविधीला. लग्नाला बँड सहज मिळतो. मरणाला मात्र दोन गाणारे मिळत नाहीत, आणि शवपेटी मुक्यानेच उचलली जाते. ज्या माऊलीने चाळीस वर्षे मागच्या बाकावर बसून प्रत्येक ‘आमेन’ म्हटले, तिला निरोप देताना मंदिरात सूर नसावा, याहून गायकवृंदाला लाज वाटावी असे दुसरे काय आहे?

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. गायकवृंदाचे वर्ष नोव्हेंबरात नव्हे, जूनमध्ये सुरू व्हावे. दर रविवारी मिस्सेपूर्वी दहा मिनिटे मंडळीला एक चाल शिकवावी. प्रतिसाद-स्तोत्र, आलेलुया, ‘पवित्र, पवित्र’ हा घोष व आमेन ही आधी सर्वांची व्हावीत. खास गीते मागाहून. वर्षाकाठी बारा गीते घराघरांत तोंडपाठ व्हावीत. प्रत्येक अंत्यविधीला, घर श्रीमंताचे असो वा गरिबाचे, निदान दोघांनी उभे राहून गावे. पाळीमुळे ज्यांना सरावाला येता येत नाही, त्यांच्या मुलांना तरी पालकांनी पाठवावे. एवढे झाल्यावर नाताळला चार आवाजांत खुशाल गावे. त्या रात्री मागच्या बाकावरून पाचवा आवाज उमटला, तर आम्ही तो आनंदाने ऐकू आणि त्याचे कौतुकही याच पानावर छापू.