लेन्सला वंगण कोणते, आणि किती?

तिरुवैयारु या नावाचा अर्थच पाच नद्यांचे पवित्र गाव. कावेरी आणि तिच्या शाखांची ओल, त्यावर मे महिन्याचे रणरणते ऊन. हे सारे तिथल्या घरांतल्या वस्तूंना मुकाट सोसावे लागते. शेजारच्या तंजावरात १८५५ पर्यंत मराठी राज्य होते आणि आजही त्या भागात घरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुत त्यागराजांची आराधना होते. नदीकाठी शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. असा सोहळा ज्या कॅमेऱ्याने टिपला, तो आजोबांच्या मागे चामड्याच्या पिशवीत कपाटात पडून राहतो. पुढे कधी तरी नातू तो बाहेर काढतो आणि म्हणतो, "फोकसची रिंग फिरतच नाही!" मग घरातले कोणी तरी तेलाची बाटली घेऊन येते.

ती बाटली आधी जागेवर ठेवा. लेन्समध्ये घातलेले तेल घातले तिथे राहत नाही, आणि जुन्या लेन्सचा घात बहुधा इथेच होतो.

मुळात रिंग अडकते का? फोकसची रिंग फिरवली की आतली काचांची नळी आट्यांवरून पुढे-मागे सरकते. या आट्यांना कारखान्यात ग्रीस लावलेले असते. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेले तेल. वर्षे गेली, उष्णता लागली, की तेल सुटून निघून जाते आणि मागे राहतो तो घट्ट चिकटा. सुटलेले तेल अॅपर्चरच्या पात्यांवर पोहोचते. ही पाती अगदी कोरडी चालावीत अशीच बनवलेली असतात. तेलाने ती एकमेकींना चिकटतात, बटण दाबल्यावर वेळेत मिटत नाहीत आणि फोटो पांढरट येतो. काही तेल वाफ होऊन आतल्या काचेवर धुरकट थर धरते. तेव्हा लेन्स उजेडासमोर धरून पात्यांवर तेलकट चमक दिसते का, ते आधी पाहा.

आता घरगुती उपाय. खोबरेल थंडीत थिजते हे कुणा गृहिणीला सांगायला नको. ते थिजले की रिंग पुन्हा घट्ट, आणि कालांतराने ते चिकटही होते. शिवणयंत्राचे तेल फार पातळ, ते सरळ पात्यांकडे धावते. व्हॅसलिन उन्हाळ्यात पाघळते. गंज सोडवणारा फवारा तर जुना चिकटा विरघळवून सगळीकडे पसरवतो. रिंग दोन दिवस छान फिरते म्हणून लोक फसतात. गाडीच्या ग्रीसमधूनही तेल सुटते.

तंजावरच्या वीणेचे चोवीस पडदे कोळशाची पूड घातलेल्या मेणात बसवतात. मेण फार मऊ असेल तर उन्हाळ्यात पडदे हलणार, फार कडक असेल तर काम अवघड होणार. लेन्सच्या ग्रीसचेही तसेच आहे. रिंग नुसती सैल फिरून चालत नाही, तिला थोडा जडपणा हवा. नाही तर कॅमेरा खाली वाकवताच फोकस आपोआप सरकतो. म्हणून लेन्सच्या आट्यांसाठीच मिळणारे, तेल न सोडणारे डॅम्पिंग ग्रीस मागा. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला थोडे जाड चालते. मोठ्या टेलिफोटो लेन्सचे आटे रुंद, त्यामुळे तिला पातळ ग्रीस लागते.

लावण्याआधी जुने ग्रीस पूर्ण काढायला हवे, कारण दोन जातींची ग्रीस एकत्र आली की कधी कधी पातळ होऊन वाहू लागतात. इथे एक गोष्ट जिवावर बेतते (लेन्सच्या!). हे आटे एकाच वेळी अनेक ठिकाणांहून सुरू होतात. दोन नळ्या सुटतात नेमक्या त्या जागी दोन्हींवर सुईने बारीक खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. परत बसवताना त्या अनेक ठिकाणी अडकतील, पण बरोबर जागा एकच. ती चुकली तर दूरचा डोंगर कधीच स्पष्ट दिसणार नाही.

आटे लायटरच्या द्रव इंधनाने धुवावेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि समई, गॅस, उदबत्ती जवळपास नको. खाचांतला काळपट मळ लाकडी टूथपिकने निघतो. धातूचे काही लावू नका, आटे बहुधा पितळ आणि अॅल्युमिनियमचे असतात. सुकल्यावर ब्रशने इतका पातळ थर द्या की खालचा धातू दिसत राहील. नळ्या बसवून पूर्ण मागे-पुढे फिरवा, कडेला बाहेर आलेले पुसा, पुन्हा फिरवा. हात अजून जड वाटत असेल तर त्याच ग्रीसचा आणखी थर देऊ नका. सगळे पुसून जरा पातळ ग्रीस घ्या. पात्यांना मात्र काहीही लावायचे नाही.

लेन्स एकुलती एक असेल तर हात आधी पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एखाद्या भंगार लेन्सवर बसवावा, हे माझे मत. पाती तेलकट असतील, काचेवर बुरशी असेल, तर जाणता मेकॅनिक शोधणेच बरे. नंतर ती चामड्याची पिशवी कॅमेऱ्यापासून दूर ठेवा, ती ओल धरते.

आणि कपाटात निघालेला कॅमेरा अॅग्फा क्लिक थ्री असेल तर वंगणाची चिंताच नाही. त्याचा फोकस कायमचा ठरलेला, आटे फिरवायचेच नसतात. काच पुसा आणि १२० ची फिल्म भरा. ती अजून मिळते, बारा फोटो निघतात.