वेळ अर्धा, अधिकार पुरा



गळीत हंगामाच्या धांदलीत हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता पुण्यात धंदा करतात. विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर या बाजूला कुणाचे वर्कशॉप आहे, कुणाचा दुधाचा तर कुणाचा मसाल्याचा उद्योग आहे. त्यासाठी काढलेल्या कर्जापायी काही बापांच्या सात-बारावर बोजा चढलेला आहे. तेव्हा पोराचा धंदा नीट चालणे हा आपल्या घरचाच प्रश्न झाला.

धंदा मंदीनेच बुडतो असे नाही, वाढीनेही बुडतो. चार कामगार असताना मालकाच्या डोक्यात सगळे मावते. तेच वीस झाले की मालक सकाळी माल आणायला, दुपारी बँकेत आणि संध्याकाळी उधारीच्या मागे. इकडे शेडमध्ये कोण काय करतंय याचा पत्ता नाही. ऑर्डरी वाढतात, माल वेळेवर जात नाही, गिऱ्हाईक पैसे अडवतं. बँकेचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही.

अशा वेळी कामकाज सांभाळणारा अनुभवी माणूस लागतो. पुऱ्या पगाराचा मॅनेजर परवडत नाही. मेव्हण्याला बसवावा, तर त्याला जाब विचारता येत नाही. आमचे मत असे, की आठवड्यातून दोन-तीन दिवस येणारा जाणता माणूस नेमावा. दिघीला संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे, खडकीला दारूगोळा कारखाना आहे, पलीकडे पिंपरी-चिंचवडचे कारखाने आहेत. भांडार, उत्पादन, वाहतूक यांत हयात घालवून निवृत्त झालेली माणसे या भागात शोधली तर सापडतील. कामाच्या मानाने माणूस हे तत्त्व आपल्याला काही नवे नाही. कारखान्यात कायम आणि हंगामी असा फरक आपण करतोच.

अर्धवेळ येणारा काय लक्ष देणार, ही शंका रास्त आहे. त्याला प्रवरेचे उदाहरण पुरेसे आहे. विठ्ठलराव विखे-पाटलांनी लोणीला उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. ते पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते आणि ते काम सांभाळूनच त्यांनी कित्येक वर्षे अध्यक्षपद सांभाळले. ते काही पगारी मॅनेजर नव्हते, हे खरे. पण रोज हजर नसलेल्या माणसाचाही संस्थेला आधार होतो, तो त्याच्या शब्दाला मान असेल तर, एवढे त्यातून निश्चित कळते. जागेवर विखे-पाटलांसारखा खमका माणूस होता, हेही विसरू नये.

म्हणून नेमणूक करताना चार गोष्टी कागदावर घ्याव्यात. कोणते वार, किती तास. कोणते काम त्याचे आणि कोणते मालकाचे. किती रकमेपर्यंत खरेदी तो न विचारता करील. आणि तो नसेल त्या दिवशी त्याने लावलेली घडी जागेवर कोण पाळील. पहिले सहा महिने चाचणीचे ठेवावेत. माल वेळेवर जातो का, नासधूस घटली का, उधारी वसूल होते का, एवढे तीन आकडे दर महिन्याला बघावेत.

यापेक्षा अवघड गोष्ट मालकाची स्वतःची आहे. मंगळवारी त्याने लावलेला नियम बुधवारी मालकानेच कामगारांदेखत मोडला, तर दिलेला मेहनताना पाण्यात गेला म्हणून समजा. वेळ अर्धा चालेल, अधिकार अर्धा चालणार नाही.

सभासदांना आमची एवढीच विनंती आहे, की पुढच्या वेळी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पोराला जरूर विचारा, "बाबा रे, तू बाहेर असतोस तेव्हा तिथं कोण बघतं?" उत्तर नीट आले, तरच पेन उचला.