तीन रात्री फुकट, पंचवीस वर्षे हप्ते

रेल्वे कामगारांचा उत्पादकतेशी निगडित बोनस दुर्गापूजेच्या तोंडावर हाती पडतो. गेली अनेक वर्षे तो ७८ दिवसांचा असून त्याची कमाल रक्कम १७,९५१ रुपये आहे. ही रक्कम फार मोठी नाही, हे आम्ही वेळोवेळी सांगत आलो आहोत. परंतु ती कोणत्या आठवड्यात येणार, हे बाजाराला आपल्या बिल क्लार्कइतकेच नेमके ठाऊक असते. त्याच आठवड्यात गरियाहाटच्या दुकानांतून साड्या-कपड्यांच्या खरेदीबरोबर एक छोटा कागद भरून घेतला जातो. नाव, फोन, वय, नोकरी, मासिक उत्पन्न; सोडतीच्या पेटीत टाका म्हणतात. आठ-दहा दिवसांत फोन येतो. अभिनंदन, आपली निवड झाली आहे, समुद्रकिनारी किंवा डोंगरात तीन रात्री, चार दिवस राहणे मोफत किंवा नाममात्र दरात. अट एवढीच की पती-पत्नी दोघांनी मिळून बालीगंजच्या एका हॉटेलात फक्त दीड तास यावे, आणि येताना बँकेचे कार्ड जवळ ठेवावे.

फुकट वाटायच्या कुपनासाठी बँकेचे कार्ड कशाला, हा प्रश्न आमच्या एका सभासदाच्या पत्नीने फोनवरच विचारला. त्या घरची चार लाखांची बचत तिथेच झाली असे आम्ही मानतो. सगळीकडे असे घडलेले नाही. गेल्या काही महिन्यांत शाखा कार्यालयात सभासदांनी आणलेले करारपत्रांचे कागद आम्ही पाहिले. त्यांत निवृत्त बांधवांचे कागद अधिक होते, म्हणून या विषयावर लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. महाराष्ट्रातील वाचकांनी हा कलकत्त्याचा स्थानिक प्रश्न समजू नये. २००३ साली बिलासपूरचा वेगळा झोन होईपर्यंत नागपूर मंडळ गार्डन रीचच्या मुख्यालयाखाली होते आणि विदर्भातील रेल्वे कुटुंबांना हे शहर परके नाही. दुसरे असे की हेच फोन ठाण्याला, पुण्याला आणि नागपूरलाही येतात. फक्त मंदारमणीच्या जागी लोणावळा म्हणतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. टाइमशेअर म्हणजे मुळातच लबाडी, असे आमचे म्हणणे नाही. साठच्या दशकात फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील एका विश्रामस्थळी ही कल्पना पुढे आली. एक खोली, तिचे वर्षाचे बावन्न आठवडे, आणि एकेक आठवडा वेगवेगळ्या कुटुंबांना कित्येक वर्षांसाठी विकायचा. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती रुजली. दरवर्षी ठरलेल्या वेळी बाहेर पडणारी, सहा महिने आधी बेत आखू शकणारी, वार्षिक खर्च सहज उचलणारी कुटुंबे या सभासदत्वावर समाधानी आहेत आणि ती खोटे बोलत नाहीत. प्रश्न हा आहे की आपला लोको पायलट, आपला पॉइंट्समन, आपला ट्रॅक मेंटेनर त्या कुटुंबांत बसतो का.

त्या दीड तासात काय होते ते सभासदांच्या सांगण्यावरून आता आम्हांस पाठ झाले आहे. दीड तासाचे तीन तास होतात. चहा-बिस्किटे येतात, मुलांना खेळायला वेगळी खोली असते. एक तरुण मुलगा समोर बसून विचारतो, गेल्या पाच वर्षांत फिरण्यावर किती खर्च केलात? आकडा कागदावर लिहितो, पंचवीसने गुणतो, महागाई चढवतो आणि डोळे विस्फारतील अशी बेरीज दाखवतो. मग म्हणतो, तुम्ही रेल्वेवाले, प्रवास पासवर फुकट. राहण्याचीही सोय करून टाका की. नाही म्हटले की मॅनेजर येतो, किंमत उतरते. पुन्हा नाही म्हटले की आणखी मोठा साहेब येतो, किंमत आणखी उतरते. मात्र ती किंमत फक्त आजच्या दिवसापुरती. मधूनच एखाद्या टेबलावर टाळ्या वाजतात, कोणी तरी सभासद झाले म्हणे. त्या मुलाचा आम्हांस राग नाही. तोही कमिशनवर जगणारा, ना धड पगार ना प्रॉव्हिडंट फंड असलेला कामगारच आहे. राग आहे तो "आजच" या शब्दाचा. जो सौदा उद्या सकाळी वाचून पाहिल्यावर टिकत नाही, तो आज रात्री सही करण्याच्या लायकीचा नसतो.

आता हिशेब करू. समजा सभासदत्व चार लाखांचे, मुदत पंचवीस वर्षे, दरवर्षी सात रात्री, आणि देखभालीचा वार्षिक आकार पंधरा हजार. विक्रेता सांगतो, चार लाखांना पंचवीसने भागा, वर्षाला फक्त सोळा हजार. देखभालीचे पंधरा हजार तो शेवटी आणि हळू आवाजात सांगतो. परंतु खरा हिशेब याहून वेगळा आहे. तेच चार लाख सात टक्क्यांनी बँकेत राहिले असते तर वर्षाला अठ्ठावीस हजार व्याज आले असते आणि मुद्दल शाबूत राहिले असते. गेलेले व्याज अठ्ठावीस हजार, देखभाल पंधरा हजार; त्रेचाळीस हजारांत सात रात्री. म्हणजे एका रात्रीला सहा हजारांवर खर्च, तोही जेवण, गाडीभाडे आणि जीएसटी सोडून. पुरी-दिघ्याला चांगल्या स्वच्छ खोल्या याहून पुष्कळ कमी दरात मिळतात. शिवाय देखभालीचा आकार स्थिर राहत नाही. तो दरवर्षी वाढवण्याचा अधिकार करारात कंपनीकडे असतो, आणि आपण त्या वर्षी घराबाहेर पडलो नाही तरी तो भरावा लागतो. न भरल्यास खोली मिळत नाही. हप्त्यांनी घेतले तर त्यावरचे व्याज निराळे.

साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाने पंचवीस वर्षांचा करार केला तर तो संपतेवेळी त्याचे वय पंच्याऐंशी असेल. हा साधा हिशेब त्या टेबलावर कोणी मांडत नाही. निवृत्त बांधवांच्या मागे ही मंडळी का लागतात, हे सांगायला नकोच. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, शिल्लक रजेचे पैसे, असे सर्व सेटलमेंट एकाच वेळी खात्यात जमा होते. चाळीस वर्षांत एवढी रक्कम एकगठ्ठा कधी पाहिलेली नसते आणि घरात मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, गावाकडच्या घराचे छप्पर रांगेत उभे असते.

सेवेत असलेल्यांची अडचण दुसरीच आहे. या करारांत वर्षाचे हंगाम पाडलेले असतात, त्यांना लाल, पांढरा, निळा असे रंग दिलेले असतात. पूजेची सुट्टी, नाताळ, शाळांची मे महिन्याची सुट्टी हे सगळे महागड्या रंगात. स्वस्त सभासदत्वाच्या वाट्याला भर पावसाळा येतो. चांगल्या दिवसांसाठी कित्येक महिने आधी खोली राखून ठेवावी लागते. आमच्या रनिंग स्टाफला पुढल्या आठवड्याची रजा मंजूर होईल की नाही याची खात्री नसते. जागा रिकाम्या, भरती अडलेली. अर्ज केला की "पाहू" हे उत्तर. ज्याच्या रजेची तारीख कंट्रोल ऑफिस ठरवते त्याने सहा महिन्यांनंतरच्या खोलीचे पैसे आधी भरणे यात शहाणपण नाही.

आता या शहराने जे प्रत्यक्ष भोगले त्याकडे वळतो. रोज व्हॅली हे नाव इथे लहान मुलालाही माहीत आहे. या समूहाच्या जमिनीच्या योजनेवर २०११ साली सेबीने बडगा उचलला. समूहातील हॉटेल कंपनी "हॉलिडे मेंबरशिप"ची योजना चालवीत होती. दरमहा हप्ता भरायचा, मुदत संपल्यावर हॉटेलात राहायचे, आणि राहायचे नसेल तर व्याजासह पैसे परत घ्यायचे. या शेवटच्या वाक्यातच सारी मेख होती. लोकांनी पैसे भरले ते हॉटेलात राहण्यासाठी नव्हे, परत मिळणाऱ्या रकमेसाठी. नाव सुट्टीचे आणि धंदा ठेवी गोळा करण्याचा. जुलै २०१३ मध्ये सेबीने या योजनेत नवे पैसे घेण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शारदा समूह कोसळला होता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शारदा आणि इतर चिट फंडांचा तपास सीबीआयकडे दिला आणि मार्च २०१५ मध्ये रोज व्हॅलीच्या प्रमुखास सक्तवसुली संचालनालयाने अटक केली. संचालनालयाच्या म्हणण्यानुसार या समूहाने सुमारे साडेसतरा हजार कोटी रुपये गोळा केले आणि त्यांतले साडेसहा हजार कोटींहून अधिक लोकांना परत मिळाले नाहीत. कलकत्ता उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती डी. के. सेठ यांच्या अध्यक्षतेखाली मालमत्ता विकून पैसे परत करण्यासाठी समिती नेमली. एप्रिल २०२५ मध्ये त्या समितीकडे ५१५ कोटींची रक्कम सुपूर्द झाली. म्हणजे अटकेनंतर दहा वर्षांनी, आणि बुडालेल्या रकमेच्या मानाने केवढी थोडी!

पैसे कोणाचे होते? पहाटेच्या कॅनिंग आणि लक्ष्मीकांतपूर लोकलने बालीगंज जंक्शनला उतरून दिवसभर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका, फलाटावरचे फेरीवाले, गरियाहाटच्या पदपथावर दुकान मांडणारे. अशांच्या शंभर-दोनशेच्या हप्त्यांवर या शहरातील चिट फंड पोसले गेले. आणि पैसे गोळा करणारा एजंट कोण? बहुधा त्यांच्याच गल्लीतला, ओळखीचा, मामा-काका म्हणून हाक मारला जाणारा. कंपन्या बुडाल्यावर लोक कंपनीच्या दारी नव्हे, या एजंटांच्या दारी गेले. कित्येकांना घर सोडावे लागले. आमच्या सभासदांनी अशा कोणत्याही योजनेची एजन्सी जोडधंदा म्हणून घेऊ नये, हे आम्ही इथेच बजावतो. फलाटावरची ओळख ही कमिशनवर विकण्याची वस्तू नाही.

आज फोन करणाऱ्या सर्वच कंपन्या रोज व्हॅलीच्या वाटेने जाणार आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. काहींची हॉटेले खरी आहेत, खोल्या खऱ्या आहेत. परंतु "नको असेल तर पैसे व्याजासह परत" असे शब्द कानावर पडले की समजावे, समोर हॉटेलवाला नसून ठेवी घेणारा बसला आहे. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घातलेली आहे. अशा ठिकाणाहून चहा अर्धा टाकून उठावे.

कायद्याच्या बाबतीत आपण युरोपच्या मागे आहोत. तिथे २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरचा करार केल्यावर चौदा दिवस काहीही कारण न देता तो रद्द करता येतो, आणि त्या चौदा दिवसांत विक्रेत्याने एक पैसाही घ्यायचा नाही. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या करारातच रद्द करण्यासाठी थोड्या दिवसांची मुदत ठेवतात. ती मागील पानावर बारीक अक्षरात असते, म्हणून सही झालेली असली तरी त्याच रात्री ते पान काढून वाचावे आणि रद्द करायचे असेल तर फोनवर विसंबून न राहता लेखी कळवून पोच घ्यावी. मुदत टळली तरी मार्ग बंद होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी करारास "अनुचित करार" म्हणून आव्हान देता येते. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. कंपनीचे कार्यालय चेन्नईत की मुंबईत, याची चिंता नको. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केले आहे. मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार गेली पाहिजे.

मग ते तीन रात्रींचे कुपन घ्यावे की नाही? ज्याला ऐकून घेऊन नाही म्हणता येते त्याने खुशाल जावे. पण कार्ड, चेकबुक घरी ठेवून, आणि कुपनावरच्या अटी, म्हणजे कोणते दिवस वगळले आहेत, "सेवा शुल्क" किती, जेवण सक्तीचे आहे का, हे आधी लेखी मागवून. ज्याला कोणाचे मन मोडवत नाही त्याने दीड तास घरीच झोप काढावी. आमच्यात दुसऱ्या प्रकारची माणसेच जास्त आहेत.

सुट्टी ही चैन नव्हे, हे कामगार चळवळीइतके कोणाला ठाऊक नसेल. १९३६ साली फ्रान्सच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केला तेव्हा त्यांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली; त्याच उन्हाळ्यात तिथल्या रेल्वेने कामगार कुटुंबांना तिकिटात चाळीस टक्के सवलत दिली आणि हजारो माणसांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे पास आहे, पी.टी.ओ. आहे, पुरीसारख्या ठिकाणी रेल्वेची हॉलिडे होम्स आहेत. पण खोल्या मोजक्या, गर्दीच्या दिवसांत त्या साहेब लोकांना आधी, आणि चतुर्थ श्रेणीच्या माणसाला तिथे अर्ज कसा करायचा हेही कोणी सांगत नाही. या खोल्यांच्या वाटपाची यादी दरमहा सूचना फलकावर लागावी आणि पूजेच्या पंधरवड्यातील निम्म्या खोल्या रनिंग व ट्रॅकच्या कर्मचाऱ्यांसाठी राखाव्यात, अशी मागणी आम्ही पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत घालत आहोत.

ज्या सभासदांनी वा निवृत्त बांधवांनी अशा करारांवर सह्या केल्या असतील त्यांनी संकोच न करता मूळ करार, पैसे भरल्याच्या पावत्या आणि फोनवरील संदेश घेऊन शाखा कार्यालयात यावे. सहीला महिना झाला नसेल तर आजच यावे.