दाढ काढल्यावर शहाळं पिताय? आधी स्ट्रॉ बाजूला ठेवा

शुक्रवारी संध्याकाळी माझी खालची अक्कलदाढ काढली. शनिवारी थोडी सूज होती, पण दुखणं फारसं नव्हतं. रविवारी सकाळी इतकं बरं वाटलं की पीजीतून खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर शहाळं प्यायले. थंड, मऊ, पोटालाही हलकं. यात चूक काय? बेंगळुरूत एळनीरूवाला शहाळं फोडतो आणि स्ट्रॉ खोचूनच हातात देतो. सोमवारी पहाटे जाग आली ती ठणक्याने. जबड्यापासून कानापर्यंत. तोंडाला वासही येत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आत बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "गुठळी निघून गेलीय."

ही गुठळी म्हणजे काय, हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. दाढ निघाली की हाडात खड्डा राहतो. त्यात रक्त भरतं आणि गोठतं. ही रक्ताची गुठळी म्हणजे खालच्या हाडावरचं आणि नसांवरचं पांघरूण. गुडघ्यावरच्या खपलीसारखंच, फक्त ही तोंडात असते, ओली असते आणि आपली जीभ सारखी तिथेच जाते. गुठळी निसटली की हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. साधा दात काढल्यावर शंभरात दोन ते पाच जणांना हे होतं, खालच्या अक्कलदाढेनंतर जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना धोका अधिक असतो. दुखणं बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत सुरू होतं, म्हणजे आपण निर्धास्त झालेलो असतो तेव्हाच.

दाढ काढल्यावर हातात जो सूचनांचा कागद मिळतो, त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ या गुठळीसाठीच असते. (लोकांना वाचायला लावणं हे माझं रोजचं काम, आणि मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला होता.) गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, दर दोन मिनिटांनी काढून बघायचा नाही. पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. लाळ गुलाबी दिसली तरी गिळायची, तेवढं चालतं. बर्फ कापडात गुंडाळून गालावरून, दहा-पंधरा मिनिटं, मग थोडी विश्रांती. रात्री एक उशी जास्त. आणि स्ट्रॉ नको, कारण ओढताना तोंडात जी पोकळी तयार होते ती गुठळीलाही ओढते. शहाळं प्यायचंच तर पेल्यात ओतून घ्या.

आता आजीकडे येते. मिरजेहून तिचे दिवसातून तीन फोन. पहिला सल्ला, लगेच मिठाच्या पाण्याने खळखळून गुळण्या कर. सल्ला चांगला, वेळ चुकीची! २४ तास झाले की पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालायचं, तोंडात घोळवायचं आणि खाली वाकून आपोआप पडू द्यायचं. जेवणानंतर दरवेळी. दुसरा सल्ला लवंगेच्या तेलाचा. गंमत म्हणजे माझ्या खड्ड्यात डॉक्टरांनी धुऊन जी औषधी पट्टी भरली, तिला लवंगेचाच वास होता. लवंगतेलातलं युजेनॉल दंतवैद्य खरंच वापरतात. पण घरी बाटलीतलं तेल थेट जखमेत सोडू नका, हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून धरणं तर मुळीच नको.

खाण्याचे हाल पीजीत खरे कळतात. तिखट सांबार आणि वाफाळती कॉफी पहिल्या दिवशी बाद. मी गुरगुट्या भात-दही, थंड केलेली नाचणीची आंबील आणि केळं यांवर राहिले. घरचं कुणी असेल तर पेज करून मागा, लाजू नका.

रक्त वाहतच राहिलं तर स्वच्छ गॉझ पुन्हा अर्धा तास चावून धरा. तरी थांबलं नाही, ताप आला, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत गेली किंवा गिळायला त्रास झाला, तर लगेच दाखवा. श्वास अडकत असेल तर थेट इमर्जन्सीत. खासगी फी परवडत नाही म्हणून अंगावर काढू नका. बेंगळुरूत के. आर. मार्केटजवळ, व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे.

हे सगळं आता मी आजीसाठी लिहून ठेवलंय, कारण पुढच्या महिन्यात तिचीही दाढ काढायची आहे. ती रक्त पातळ करणारी गोळी घेते आणि तिला साखर आहे. दोन्ही गोष्टी दंतवैद्यांना आधी सांगायच्या, गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे तिने मान्य केलं. मिश्रीवर मात्र गाडी अडली. दात दुखला की ती मिश्रीच लावते. किमान तीन दिवस तंबाखूचा कणही तिथे जाता कामा नये, असं मी सांगितल्यावर फोनवर बराच वेळ शांतता.

"बघू," म्हणाली.

डबी मामाने आदल्या रात्रीच उचलून ठेवायची, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.