चौलला रेल्वे नाही, तरी या केबिनसाठी भांडायचं

"आपल्याकडे रूळ नाहीत आणि तू सिग्नल केबिनचं काय घेऊन बसलास?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडी येते आणि आपण मात्र पेणपर्यंत एसटीने धक्के खात जातो. ते भांडण वेगळं, ते चालूच राहील. आज विषय भंगारात चाललेल्या जुन्या केबिनचा.

नव्या पोरांना केबिन म्हणजे काय तेच माहीत नाही. रुळांच्या कडेची दुमजली खोली, वर लिव्हरची रांग. लिव्हर ओढला की तार ताणली जायची आणि लांबवर सिग्नलचा हात हलायचा. खरी करामत खालच्या मजल्यावर. तिथल्या लोखंडी पट्ट्या एकमेकींत अशा अडकवलेल्या, की सांधा चुकीच्या रुळाकडे असेल तर सिग्नलचा लिव्हर हलायचाच नाही. माणूस चुकला तरी लोखंड त्याला अडवायचं.

आता ते काम कॉम्प्युटर करतो. करू दे. गाड्या वाढल्या, वेग वाढला, जुन्या तारांवर भागणार नाही. पण नवीन आलं म्हणजे चूक संपली, ही थाप नको. 2 जून 2023 ला ओडिशात बाहानगा बाजारला सिग्नलच्या सर्किटमधलं काम चुकलं आणि 290 हून अधिक माणसं गेली. जुनी केबिन जपायची ती यासाठीच. सुरक्षा म्हणजे काय, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

सीएसएमटीला 2004 साली युनेस्कोचा मान मिळाला, छानच झालं. पण त्या महालातून सुटलेली गाडी ज्यांनी सुखरूप पुढे धाडली, त्यांच्या खोलीला भंगाराचा भाव? इंग्लंडात 2013 साली एकदम 26 केबिन संरक्षित वास्तूंच्या यादीत घेतल्या. आपल्याकडे विदर्भातली शकुंतला बघा. तिचं मँचेस्टरचं 1921 सालचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत राबलं. लोक आता ब्रॉडगेज मागतात, त्यांचं बरोबरच आहे. पण रूळ उखडताना तिच्या जुन्या सिग्नलचं काय करायचं, हे कोण विचारतंय?

चौलकराला हे वेगळं सांगायला नको. रेवदंड्याचा सातखणी मनोरा उभा आहे, म्हणून पोराला बोट दाखवून पोर्तुगीज सांगता येतात. आपलं एवढं गजबजलेलं बंदर मात्र पुस्तकातच उरलं. वस्तू गेली की आठवण किती दिवस टिकते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

मागणं मोठं नाही. रेल्वेने केबिन पाडण्याआधी यादी करावी. प्रत्येक विभागात एक तरी केबिन लिव्हरसकट जागेवर ठेवावी. आणि आपल्या रायगडात नेरळला, जिथे 1907 पासूनची माथेरानची गाडी बघायला लोक येतातच, तिथे एक चालती लिव्हर फ्रेम बसवावी. पोरांनी स्वतः ओढून बघावी.

तुमच्या घरात कुणी केबिनला ड्युटी केली असेल तर त्यांना बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. भंगारवाला लोखंड तोलून नेईल. ती माणसं गेली, की लिव्हर कसा ओढायचा हेही सांगायला कुणी उरणार नाही.